ओट्यावरचे दुपारचे जेवण : पॉम्पेई आणि रोममधील खाणावळी

भूमध्य समुद्राकाठच्या शहरांत दुपारचे जेवण घराबाहेर, रस्त्यालगतच्या साध्या खाणावळीत उरकण्याची रीत किमान दोन हजार वर्षे जुनी असून तिचा सर्वांत सविस्तर पुरावा दक्षिण इटलीतील पॉम्पेई या शहराने जपून ठेवला आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात हे शहर राखेखाली गाडले गेले आणि त्यामुळे जेथे एरवी फक्त मंदिरे व प्रासाद काळाच्या ओघात टिकतात, तेथे खाणावळीचे ओटे, त्यांतील रांजण आणि रांजणांच्या तळाशी उरलेले अन्नही टिकले. गरम अन्नपेय विकणारी सुमारे ऐंशी दुकाने या एका मध्यम आकाराच्या शहरात ओळखली गेली आहेत. रोमन साहित्यात या दुकानांविषयी जे लिहिले गेले ते बहुतांशी तेथे न जेवणाऱ्या वर्गाने लिहिले. म्हणूनच तेथे जेवणाऱ्यांचा इतिहास ग्रंथांपेक्षा ओट्यांवरून आणि गटारांतील गाळावरून अधिक विश्वासार्हपणे उभा राहतो.

या दुकानांना आज पुरातत्त्वज्ञ ‘थर्मोपोलियम’ म्हणजे गरम पदार्थ विकण्याची जागा असे म्हणतात. परंतु हा शब्द लॅटिनमध्ये क्वचितच आढळतो आणि रोमन लोकांच्या तोंडी ‘पोपिना’, म्हणजे शिजवलेले अन्न व द्राक्षमद्य देणारी खाणावळ, आणि ‘काउपोना’, म्हणजे जेवणाबरोबर मुक्कामाचीही सोय असलेली जागा, हे शब्द अधिक रूढ होते. दुकानाची रचना साधारणपणे ठरलेली असे. रस्त्याच्या बाजूने ‘एल’ किंवा ‘यू’ या इंग्रजी अक्षरांच्या आकाराचा दगडविटांचा ओटा बांधलेला असे, त्यावर संगमरवराचे रंगीबेरंगी तुकडे बसवलेले असत आणि ओट्याच्या पोटात ‘डोलिया’ नावाचे मातीचे मोठे रांजण तोंडे वर ठेवून पुरलेले असत. बऱ्याच दुकानांत ओट्याच्या टोकाला लहानशी चूल असे आणि काहींत मागच्या बाजूस बसून जेवण्यासाठी एखाददुसरी खोली असे.

अशा दुकानांची गरज शहरातील घरांच्या बांधणीतून निर्माण झाली. रोम व त्याचे बंदर ओस्तिया येथील सामान्य माणसे ‘इन्सुला’ नावाच्या बहुमजली भाड्याच्या इमारतींत राहत; या इमारती इतक्या उंच होऊ लागल्या, की सम्राट ऑगस्टसने रस्त्यालगतच्या नव्या बांधकामांवर ७० रोमन फुटांची मर्यादा घातल्याचे भूगोलकार स्ट्रॅबो याने नोंदवले आहे. वरच्या मजल्यांवरील खोल्यांत स्वतंत्र स्वयंपाकघर किंवा धूर बाहेर जाण्याची वाट सहसा नसे, कोळशाच्या शेगडीने आग लागण्याचे भय कायम असे, आणि पाणी व सरपण जिन्यांवरून वर चढवावे लागे. दुकानामागच्या किंवा दुकानावरच्या माळ्यावर राहणाऱ्या कारागिरांची स्थितीही वेगळी नव्हती. त्यामुळे रस्त्यावर शिजवलेले अन्न विकत घेणे ही या लोकांच्या दृष्टीने चैन नव्हती, तर रोजच्या जगण्याची सोय होती.

दुपारच्या जेवणाला रोमन लोक ‘प्रान्दियम’ म्हणत आणि संध्याकाळच्या मुख्य भोजनाच्या, म्हणजे ‘केना’च्या, मानाने ते हलके असे. तत्त्वज्ञ सेनेका याने आपल्या एका पत्रात कोरडी भाकरी आणि मेजाशिवाय उरकलेले जेवण, ज्यानंतर हात धुण्याचीही गरज पडत नाही, असे स्वतःच्या प्रान्दियमचे वर्णन केले आहे. दुसऱ्या एका पत्रात तो स्नानगृहाच्या वर राहत असताना खालून ऐकू येणाऱ्या आरोळ्यांविषयी लिहितो आणि त्यांत पोपिनांचे विक्रेते आपापल्या खास सुरात माल पुकारत असल्याचा उल्लेख करतो. किमतींचा अंदाज भिंतींवरील लेखांतून येतो. पॉम्पेईतील एका दुकानाच्या जाहिरातीनुसार साधे मद्य एका ‘आस’ला, म्हणजे एका तांब्याच्या नाण्याला, त्याहून बरे मद्य दोन आसला आणि कंपानिया प्रांतातील नामांकित फालेर्नियन मद्य चार आसला मिळे. इटलीतीलच इसेर्निया येथील एका कोरीव लेखात प्रवासी व खाणावळवाली यांच्यातील हिशेब दाखवला असून त्यात भाकरी व तोंडीलावणे यांची किंमत वेगवेगळी धरली आहे. तोंडीलावण्याला दोन आस पडत, तर भाकरीला एकच.

पॉम्पेईच्या आबुंदान्झा रस्त्यावरील एक थर्मोपोलियम व्हेटुटियस प्लासिडस याच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या ओट्यामागील भिंतीवर दुकानाच्या रक्षक देवतांचे देवघर रंगवलेले असून त्यात व्यापाराचा देव मर्क्युरी आणि मद्याचा देव बॅकस यांना स्थान दिले आहे, आणि ओट्यातील एका रांजणात उत्खननाच्या वेळी सुमारे तीन किलो वजनाची चिल्लर नाणी सापडली. याच घरसमूहातील एका घरात १९३८ साली हस्तिदंताची एक लहान स्त्रीमूर्ती मिळाली, जिला प्रारंभी लक्ष्मी आणि नंतर यक्षी मानले गेले. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या मूर्ती धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन या सातवाहनकालीन स्थळांवर आढळल्या आहेत. दख्खनमधील कारागिरीशी नाते सांगणारी वस्तू जेथपर्यंत पोहोचली, त्या रस्त्यावरच सामान्य माणसाला स्वस्तात जेवण मिळत होते, ही गोष्ट त्या काळच्या व्यापाराचा पल्ला आणि त्याच्या वर्दळीत उभ्या असलेल्या खाणावळीचे स्थान एकाच वेळी स्पष्ट करते.

ओट्यातील रांजणांत नेमके काय ठेवले जाई, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद राहिला आहे. रांजण सच्छिद्र मातीचे असून बांधकामात कायमचे पक्के केलेले असल्याने ते धुणे अवघड होते. म्हणून त्यांत रस्सा किंवा मद्य न ठेवता डाळी, कडधान्ये व सुकामेवा ठेवत असावेत, असे काहींनी मानले. शहराच्या पाचव्या विभागातील एका थर्मोपोलियमचे उत्खनन २०२० मध्ये पूर्ण झाले आणि या वादात नवा पुरावा दाखल झाला. तेथील ओट्याच्या दर्शनी बाजूस सागरी घोड्यावर बसलेली जलदेवता, कोंबडा, दोरीने बांधलेला कुत्रा आणि उलटी टांगलेली दोन बदके रंगवलेली आहेत, आणि त्यांपैकी बदक केवळ शोभेपुरते नव्हते, कारण रांजणात बदकाच्या हाडाचा तुकडा आढळला. एकाच भांड्यात डुक्कर, शेळी, मासे आणि जमिनीवरील गोगलगायी यांचे अवशेष मिळाले, ज्यावरून अनेक प्रकारचे मांस एकत्र शिजवलेल्या पदार्थाची कल्पना करता येते. दुसऱ्या एका रांजणाच्या तळाशी भरडलेला बाकला, म्हणजे पावट्यासारखे एक कडधान्य, सापडला. मद्याचा रंग व चव सुधारण्यासाठी हा उपाय रोमन पाककृतींच्या ‘अपिकियस’ या ग्रंथात सांगितलेला असल्याने तो रांजण मद्याचा होता, असे अनुमान निघते. तेव्हा सर्व रांजण कोरड्या जिनसांसाठीच होते, हे मत आता पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही.

गटारांतील पुरावा याहून बोलका आहे. पॉम्पेईच्या स्ताबिया वेशीजवळील साध्या खाणावळींच्या सांडपाण्यातून धान्य, डाळी, ऑलिव्ह, मासे व अंडी यांचे अवशेष तर मिळालेच, पण एका ठिकाणी कापलेल्या जिराफाच्या पायाचे हाडही मिळाले. आफ्रिकेतून आलेला हा दुर्मिळ मांसाचा तुकडा कोणत्या थाळीत गेला हे कळत नसले, तरी तो श्रीमंतांच्या प्रासादात न जाता वेशीजवळच्या दुकानात पोहोचला हे निश्चित. शेजारच्या हर्क्युलेनियम शहरात दुकाने व भाड्याच्या घरांखालील मैल्याच्या गटारातून शेकडो पोती अवशेष उपसण्यात आले, ज्यांत अंजीर, द्राक्षे, अंडी, शिंपले, कोथिंबिरीचे बी आणि नाना जातींच्या माशांचे काटे होते. साध्या घरांतील माणसे केवळ पेजेवर व भाकरीवर जगत होती ही समजूत या पुराव्यापुढे टिकत नाही.

तरीही उच्चवर्गीय लेखकांच्या नजरेत पोपिना ही हीन जागा राहिली. सिसेरोने आपल्या विरोधकावर टीका करताना त्याच्या तोंडाला येणाऱ्या पोपिनेच्या वासाचा उल्लेख केला, होरेसने शेतावरच्या कारभाऱ्याला शहरातील तुपकट खाणावळीची ओढ असल्याचे लिहिले, आणि जुवेनालने आपल्या आठव्या सॅटायरमध्ये एका सरदाराला ओस्तियाच्या खाणावळीत खलाशी, चोर, पळालेले गुलाम व शवपेट्या करणारे यांच्या पंगतीत बसवले. या टीकेच्या मुळाशी अन्नाच्या दर्जापेक्षा पंगतीची भीती होती. मेजवानीत आडवे होऊन जेवण्याचा मान प्रतिष्ठितांचा, तर खाणावळीत गुलाम व स्वतंत्र माणूस एकाच बाकावर बसत. शिवाय अशा जागी राजकीय चर्चा घडत. पॉम्पेईतील आसेलिनाच्या दुकानाच्या भिंतीवर एग्ले, मारिया, झ्मिरिना अशा स्त्रियांच्या नावाने निवडणुकीतील उमेदवारांना पाठिंबा देणारे लेख आहेत, आणि मतदानाचा हक्क नसलेल्या स्त्रियांच्या नावानेही जाहीर मत लिहिले जात होते, हे त्यांतून दिसते.

सत्ताधाऱ्यांनी या जागांना आळा घालण्याचा प्रयत्न वारंवार केला. टायबेरियसने शहर व्यवस्थापक अधिकाऱ्यांना खाणावळींवर कडक निर्बंध घालण्यास सांगितले. क्लॉडियसने उकडलेल्या मांसाची व गरम पाण्याची विक्री बंद केली. नीरोने डाळी व भाज्या यांखेरीज शिजवलेले काही विकण्यास मनाई केली आणि व्हेस्पासियनने भाज्यांचीही सवलत काढून घेऊन फक्त डाळींची मुभा ठेवली. इतिहासकार स्युटोनियस व कॅसियस डिओ यांनी नोंदवलेले हे आदेश प्रामुख्याने रोम शहराला लागू असावेत, त्यामुळे पॉम्पेईच्या रांजणांतील बदक हा नियमभंगाचा पुरावा ठरत नाही. पण अर्ध्या शतकाहून थोड्या अधिक काळात तशाच स्वरूपाचा आदेश चार सम्राटांना काढावा लागला, यावरून तो पाळला जात नव्हता हे उघड आहे. त्यानंतर डोमिशियनच्या काळात कवी मार्शियल याने खाणावळींनी व दुकानांनी रस्ता अडवल्याचे आणि तो मोकळा करण्याच्या आदेशाचे वर्णन केले, म्हणजे पोपिना त्याही वेळी भरभराटीत होत्या.

घरी चूल पेटवणे कठीण असलेल्या हजारो माणसांना दुपारी दोन घास स्वस्तात मिळवून देणारी संस्था ज्या शहरात रुजली, त्या शहरात तिच्यावर बंदी घालणे म्हणजे त्या माणसांच्या पोटावरच बंदी घालणे होते, आणि म्हणून कोणताही सम्राट तेथे यशस्वी झाला नाही. रोमन संस्कृतीच्या इतिहासात मेजवान्यांना मिळालेली जागा मोठी आहे. परंतु शहर खऱ्या अर्थाने चालवले ते ज्यांना मेजवानीचे निमंत्रण कधीच नव्हते अशा पाथरवट, रंगारी, हमाल व खलाशांनी, आणि त्यांना दुपारी काम सोडून दूर न जाता जेवता यावे याची व्यवस्था ओट्यामागे उभ्या असलेल्या स्त्रीपुरुषांनी केली. त्यांचे स्थान इतिहासात ओट्याइतकेच पक्के मानले गेले पाहिजे.