खिळ्यांपासून संकेतस्थळापर्यंत : देवनागरी अक्षररचनेचा प्रवास

प्रस्तावना :
मराठी मुद्रणाचा इतिहास हा बहुतांशी यंत्राला देवनागरी शिकविण्याचा इतिहास आहे. संकेतस्थळावरील अक्षररचना हा त्याचाच पुढील टप्पा होय. ती केवळ सजावट नसून मजकुराच्या वाचनीयतेची व टिकाऊपणाची अट आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

मुद्रणाचा वारसा :
विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांत छापले गेले. पुढे मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला व तेथील रेखीव टाइप सर्वत्र नावाजला गेला. जोडाक्षरे, वेलांट्या व उकार यांमुळे देवनागरीस रोमनपेक्षा कितीतरी अधिक खिळे लागत. तरीही या मुद्रकांनी अक्षराच्या वळणाशी तडजोड केली नाही.

संगणकयुगातील पेच :
आरंभीच्या मराठी संकेतस्थळांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले स्वतंत्र फाँट वापरले. वाचकाच्या संगणकात तोच फाँट नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे उमटत आणि शोधयंत्रालाही तो मजकूर सापडत नसे. अशा रीतीने बराच मजकूर अस्तित्वात असूनही वाचकास दुरावला. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीचा समावेश होता. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ फाँट विंडोज २००० सोबत आला आणि प्रमाणित संकेतन सामान्य वाचकापर्यंत पोहोचले. पुढे फाँट संकेतस्थळासोबतच पाठविणे शक्य झाले. त्यासाठीचा ‘वॉफ’ हा प्रकार २०१२ मध्ये प्रमाण ठरला.

तथापि प्रश्न संपला नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; फाँटने ही दोन रूपे वेगळी न दाखविल्यास अर्थच बदलतो. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न आहेत. पृष्ठाची भाषा मराठी असल्याचे संकेतात नोंदविल्यास आणि फाँटमध्ये तशी सोय असल्यास ती उमटतात. रोमनसाठी बेतलेले ओळींतील अंतर तसेच ठेवल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडतो. अक्षरांतील अंतर वाढविल्यास शिरोरेषा तुटते.

समारोप :
खिळे जुळविणाऱ्या कारागिराची जबाबदारी आज संकेतस्थळ रचणाऱ्यावर आली आहे. महाविद्यालये आपली नियतकालिके व अभ्याससाहित्य संकेतस्थळावर ठेवीत असताना योग्य संकेतन व फाँट यांची निवड केवळ तंत्रज्ञावर सोपवून चालणार नाही. उद्याच्या अभ्यासकास आपले लेखन वाचता येईल की नाही, हे त्या निवडीवरही अवलंबून राहील.