सिगारेट न ओढलेल्या मुलांचं बजेट

व्यसनविरोधी सरकारी जाहिरात म्हटली की फुप्फुसाचं चित्र, गंभीर आवाज आणि उपदेश आठवतो. १९९८ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं उपदेश टाळला, आणि ते जमलंही. मला मात्र त्या यशाच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

पैसा आला तो सिगारेट कंपन्यांच्याच खिशातून. धूम्रपानामुळे आजारी पडलेल्या गरीब रुग्णांवर राज्याचा खर्च होत होता. तो वसूल करायला गव्हर्नर लॉटन चाइल्स यांच्या सरकारनं कंपन्यांना कोर्टात खेचलं. ऑगस्ट १९९७मध्ये ११३० कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातले २० कोटी डॉलर मुलांना तंबाखूपासून दूर ठेवण्याच्या दोन वर्षांच्या कार्यक्रमासाठी ठरले.

आखणीत शाळकरी मुलांनाच सामील करून घेतलं. सिगारेट वाईट हे त्यांना आधीच ठाऊक होतं. चीड येत होती ती आपल्याला कोणीतरी गंडवतंय याची. म्हणून 'ट्रूथ' या मोहिमेनं 'ओढू नका' म्हणण्याऐवजी कंपन्यांचे डाव उघडे पाडले. मुलांची बंडखोरी तशीच राहिली, फक्त तिचा रोख बदलला. १९९८ ते २००० या काळात सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण सहावी ते आठवीत १८.५ टक्क्यांवरून ११.१वर आलं, आणि नववी ते बारावीत २७.४वरून २२.६वर.

डिसेंबर १९९८मध्ये चाइल्स वारले. पुढच्याच वर्षापासून विधिमंडळानं निधीला कात्री लावली; २००३मध्ये जेमतेम १० लाख डॉलर उरले. कंपन्यांकडून तडजोडीचे हप्ते येतच होते, ते दुसरीकडे वळत होते.

हे मला अनोळखी वाटत नाही. सर्व्हर महिनोन्‌महिने पडला नाही की 'देखभालीवर एवढा खर्च कशाला?' हा प्रश्न मीटिंगमध्ये येतोच. टाळलेलं संकट दिसत नाही. पूल बांधला तर फीत कापता येते. सिगारेट न पेटवलेल्या मुलाचा फोटो कसा छापणार? आणि त्या मुलाला तर मतही नसतं.

शेवटी मत असलेल्यांनीच ते काम केलं. २००६मध्ये फ्लोरिडाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती केली: २००५ साली तडजोडीतून मिळालेल्या रकमेच्या १५ टक्के इतका निधी, महागाईनुसार वाढवत, दरवर्षी याच कामाला द्यायचा. एका जाहिरात मोहिमेचं बजेट वाचवायला थेट घटना बदलावी लागली.