नळीचे माप आणि राज्यसत्ता
'कॅलिबर' या शब्दाचे मूळ सामान्यतः अरबी 'कालिब', म्हणजे साचा, या शब्दात शोधले जाते. आरंभीच्या लष्करी बंदुकांच्या समान मापाचे मर्मही साच्यातच आहे. त्या काळी नळीचे माप बहुधा एक पौंड शिशातून किती गोळ्या पडतात यावरून सांगितले जाई. बंदुकीगणिक साचा निराळा असला, की एका शिपायाच्या गोळ्या दुसऱ्याला निरुपयोगी ठरत. फ्रान्सने १७१७ मध्ये पायदळाच्या बंदुकीचा एक नमुना ठरवला. त्याच्या नळीचा व्यास सुमारे १७.५ मिलिमीटर होता. अठराव्या शतकातील ब्रिटिश बंदुकीची नळी सुमारे १९ मिलिमीटर, गोळी मात्र सुमारे १७.५ मिलिमीटर. ही फट हेतुपुरस्सर होती: दारूच्या काजळीने नळी आतून अरुंद झाली तरी गोळी सहज उतरावी आणि हातघडणीतील फरक खपून जावा. म्हणजे हे माप काटेकोर नव्हते, सर्व राष्ट्रांना सामाईकही नव्हते; प्रत्येक राज्याने ते आपल्या शस्त्रागारापुरते बांधले. त्यात नेमाची अचूकता उणावली, पुरवठ्याची शाश्वती मात्र वाढली. शिपायाच्या हातचा साचा राज्याच्या हाती गेला, हेच या प्रमाणीकरणाचे ऐतिहासिक सार होय.