डिप: एका छोट्या इंग्रजी शब्दाचा खोल इतिहास

१/८
यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यातले खाणीचे गाव. कोळशाच्या खाणीत ‘डिप’ म्हणजे पाण्यातली डुबकी नव्हे. मग काय?

२/८
शब्दाचा मूळ अर्थ बुचकळणे, क्षणभर बुडवून वर काढणे. ‘खोल’ या अर्थाच्या ‘डीप’शी त्याचे गोत्र एकच. मराठीजवळ बुडी, डुबकी, बुचकळी हे शब्द होतेच. ‘डिप’ आला तो शास्त्रे आणि यंत्रे यांचे बोट धरून.

३/८
भूशास्त्रात खडकाचा थर क्षितिजसमांतर पातळीशी जो कोन करतो, तो डिप. मराठी परिभाषेत ‘नती’. संस्कृत ‘नम्’ म्हणजे वाकणे, त्यावरून. वर्धा खोऱ्यातील कोळसा गोंडवनी खडकांतला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तो सपाट अंथरलेला नाही, कललेला आहे.

४/८
म्हणून भूमिगत खाणीत दिशाही उतारावरून ठरतात. थर जिकडे खाली जातो ती डिपची बाजू, जिकडे चढतो ती ‘राइज’ची. पाणी डिपकडे साचते, म्हणून पंप तिकडे. हवेपेक्षा हलका मिथेन चढाकडे व छताशी जमतो, जड कार्बन डायॉक्साइड उताराकडे. नती ठाऊक असणे हा तेथे जिवाचा प्रश्न असतो.

५/८
२७ डिसेंबर १९७५. धनबादजवळील चासनाला खाणीत वरच्या, सोडून दिलेल्या कामातील पाण्याचा साठा फुटून खाली घुसला. पावणेचारशेच्या आसपास कामगार दगावले. उतार पाण्याला वाट देतो. मधली भिंत किती जाड राखली, यावर माणसे जगतात.

६/८
दुसरी ‘नती’ चुंबकाची. मोकळी टांगलेली चुंबकसूची उत्तर गोलार्धात उत्तर टोकाने खाली झुकते. लंडनच्या रॉबर्ट नॉर्मन या उपकरणकाराने १५८१ च्या ग्रंथात हा झुकाव मांडला. महाराष्ट्रात चुंबकीय नोंदी कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सूची बहकणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. जुन्या-नव्या नोंदी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी मोजमाप चालले. ट्राम विजेवर धावली ती १९०७ मध्ये.

७/८
रस्त्यावर हाच शब्द ‘डिपर’ झाला. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिव्याचा झोत खाली वळवायचा. चहाच्या कपात तो पुन्हा मूळ अर्थाला भेटतो: पिशवी बुडवा, वर काढा.

८/८
थर, सूची, झोत: तिन्ही ठिकाणी पाणी नाही, पण खाली झुकणे आहे. इंग्रजीने बुडण्याच्या शब्दात ते सामावले. मराठीने ‘नती’ घडवताना वाकण्याचा धातू निवडला. पाठ्यपुस्तकात ‘नती’ राहिली, खाणीत ‘डिप’. एकाच उताराची ही दोन नावे. पहिले शास्त्राने दिले, दुसरे श्रमाने सांभाळले.