रद्दीतला इतिहास

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्याला वसईचा किल्ला आणि चिमाजी अप्पा आठवतात. मी मात्र जुन्या मासिकांच्या मुखपृष्ठांविषयी चार शब्द लिहिणार आहे. आमच्या आजेसासूबाईंनी मागे ठेवलेले अंक मी सांभाळते आणि रद्दीवाल्याकडे दिसले की आणखी घेते. घरात थट्टा होते, पण ते असो.

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा पाडली ती काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने, १९०९ साली. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार. त्याच घराण्याचे 'स्त्री' मासिक १९३० साली आले.

पण मुखपृष्ठाला खरे वेड लावले ते गोव्याच्या दोघांनी. दीनानाथ दलाल (१९१६ ते १९७१) यांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. त्यांची रेघ ठसठशीत. दोन फटकाऱ्यांत घागर घेतलेली बाई उभी राही. रघुवीर मुळगावकर (१९१८ ते १९७६) यांचे रंग साईसारखे मऊ. त्यांच्या देवादिकांची चित्रे लोकांनी चौकटीत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावली. मला विचाराल तर मी दलालांच्या बाजूची. मुळगावकरांच्या सुंदरींनी कधी राखेने भांडी घासली असतील, असे वाटत नाही!

ही चित्रे ठशांवरून छापत. प्रत्येक रंगाचा ठसा निराळा, म्हणून तोच कागद तीन-चार वेळा यंत्रातून जाई. ठसा केसभर सरकला की साडीचा रंग काठाबाहेर येई. भिंग धरून पाहा, सगळे चित्र ठिपक्यांचे दिसेल.

आता मुद्द्याची गोष्ट. वाचनालये वर्षाचे अंक एकत्र बांधून घेत, तेव्हा मुखपृष्ठे आणि जाहिराती पुष्कळदा फाडून टाकल्या जात. कथा-कविता कपाटात राहिल्या, चित्रे गेली. ती उरली असतील तर घरोघरच्या बायकांच्या ट्रंकांतच. म्हणजे हे दप्तर आपणच राखले, कोणी न सांगता. आता घरे पाडून इमारती होतात, माळे रिकामे होतात आणि किलोच्या भावाने सगळे जाते.

आपल्याकडे दुसरा वैरी पाणी. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्यात पाणी भरले, तेव्हा खालच्या थरातले अकरा अंक भिजले. पाने चिकटली; पंख्याखाली एकेक सोडवून सात वाचले. तेव्हापासून गंजक्या टाचण्या काढून मी दोऱ्याने शिवते आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला ठेवते.

माझ्याकडच्या 'दीपावली'च्या दोन अंकांना मुखपृष्ठ नाही. कुणा भगिनीच्या माळ्यावर 'दीपावली'चे जुने अंक असतील तर पाहावयास द्यावेत. दुपारी तीननंतर मी घरीच असते.