वॉकर, फुलर, टकर : एका धंद्याची तीन आडनावे

आडनावाचा अर्थ ठरविताना प्रचलित शब्दार्थावर विसंबणे किती धोक्याचे असते, याचे ‘वॉकर’ हे इंग्रजी आडनाव एक उत्तम उदाहरण होय. ‘चालणारा’ हा अर्थ आज कोणालाही तत्काळ सुचतो; त्यावरून वाटसरू, फिरता विक्रेता किंवा रानात गस्त घालणारा रखवालदार अशा कल्पना लढविणेही सोपे आहे. परंतु या आडनावाचा मूळ धारक वाटेवर नव्हे, तर कुंडात सापडतो. तो लोकरीचे कापड तुडविणारा कारागीर होता.

मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ व तेलकट असते. ते पाण्यात भिजवून, त्यात मूत्र किंवा विशिष्ट प्रकारची माती घालून बराच वेळ तुडविले म्हणजे तेलकटपणा जातो, तंतू एकमेकांत गुंततात आणि कापड आटून दाट बनते. नंतर ते लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवीत. आपल्याकडे जिला मुलतानी माती म्हणतात, तिच्या इंग्रजी नावात या कारागिराचेच एक नाव, ‘फुलर’, आजही टिकून आहे.

या एकाच धंद्याला मध्ययुगीन इंग्रजीत तीन शब्द होते आणि त्या तिहींची आडनावे झाली. ‘फुलर’ हा मूळचा लॅटिन शब्द. लॅटिन ‘फुल्लो’वरून जुन्या इंग्रजीत ‘फुल्लेरे’ हे रूप आले व नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमधील सजातीय शब्दाने त्यास पुष्टी दिली. ‘टकर’ हा ‘तूकियन’ या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून झाला. त्या क्रियापदाचा अर्थ छळणे, पीडा देणे असा होता. कापडाला होणाऱ्या ‘जाचा’वरून तो धंद्याचा वाचक बनला. ‘वॉकर’ मात्र जर्मानिक कुळातील आहे. जुन्या इंग्रजीतील ‘वेआल्कन’ म्हणजे घोळणे, लोटणे, उलटसुलट हालविणे.

येथे एक मुद्दा विशेष लक्षात घेणे अवश्य आहे. कापडावर चालत असल्यामुळे त्यास ‘वॉकर’ म्हणू लागले, असे स्पष्टीकरण पुष्कळदा दिले जाते. ते अर्धवट होय. जर्मन भाषेतील ‘वाल्कन’ या क्रियापदाचा अर्थ आजही कापड तुडवून दाट करणे असाच आहे. पायी चालणे हा अर्थ त्यास कधी प्राप्त झाला नाही. अर्थात् धंद्याचा अर्थ जुना आणि चालण्याचा अर्थ मध्ययुगीन इंग्रजीत रूढ झालेला, असा हा क्रम आहे. चालण्यावरून तुडविणाऱ्यास नाव मिळालेले नाही. या धातूचा संबंध संस्कृत ‘वल्ग्’ धातूशी व्युत्पत्तिकोशांत दाखविला जातो. मराठीतील ‘वल्गना’ हा शब्द त्याच धातूवरून आला आहे.

तिन्ही शब्द एकाच प्रदेशात सरमिसळ नांदत नव्हते. गुस्ताव्ह फ्रान्सन यांनी 1935 मध्ये मध्ययुगीन धंदेवाचक आडनावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून ‘फुलर’ दक्षिणेत व पूर्वेत, ‘टकर’ नैर्ऋत्येत आणि ‘वॉकर’ पश्चिम-मध्य व उत्तर भागांत, अशी वाटणी स्पष्ट झाली. पी. एच. रीनी यांच्या 1958 च्या आडनावकोशातही तिला दुजोरा मिळतो. एक्सेटर येथील विणकर व कापड तुडविणाऱ्यांच्या संघाची वास्तू ‘टकर्स हॉल’ म्हणूनच ओळखली जाते. कॉर्नवॉलमध्ये ‘टकिंगमिल’ हे गावाचे नाव आहे, तर उत्तरेत ‘वॉकमिल’ आढळते. दक्षिणेकडील बोलींत शब्दारंभीचा ‘फ’ घोष होत असल्याने ‘फुलर’चे ‘व्होलर’ असे रूपही आडनावात राहिले. म्हणजे ज्या बोलींचे लिखित पुरावे तुटपुंजे आहेत, त्यांच्या सीमा व उच्चार यांची साक्ष या आडनावांतून मिळते.

तथापि ही साक्ष कोणत्या काळाची, हा प्रश्न उरतोच. बाराव्या शतकात इंग्लंडमध्ये पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे हे काम करू लागले. 1185 मधील टेम्पलर संघाच्या मालमत्तेच्या पाहणीत अशा गिरणीची नोंद आहे. इ. एम. कॅरस-विल्सन यांनी 1941 मध्ये या बदलास तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती म्हटले. त्या मतावर पुढे आक्षेपही घेतले गेले. काहीही असो, पायांचे काम यंत्राकडे गेल्यावरही धंद्याची नावे बदलली नाहीत आणि आडनावे तर नाहीतच. यॉर्कशायरच्या 1379 च्या डोईपट्टीच्या याद्यांत अनेक नावांपुढे धंदाही नोंदविलेला आहे. तेथे काहींचे आडनाव व धंदा जुळतात, काहींचे जुळत नाहीत. आडनाव वंशपरंपरागत होण्याचा संधिकाळ येथे दिसून येतो. त्यानंतरचा ‘वॉकर’ हा कापड तुडवीत होता असे केवळ नावावरून म्हणता येणार नाही. त्याचा कोणी पूर्वज तुडवीत होता, एवढेच म्हणता येईल.

आडनावाच्या अभावावरूनही घाईने अनुमान काढू नये. वेल्समध्ये अशा गिरण्या पुष्कळ होत्या. तिकडे गिरणीस ‘पांडी’ म्हणत, आणि टोनिपांडी या गावाच्या नावात तो शब्द आहे. परंतु वेल्श लोक दीर्घकाळ पित्याचे नाव लावीत असल्यामुळे हा धंदा तेथे स्थलनामांत उमटला, आडनावांत फारसा उमटला नाही. उलटपक्षी, आयर्लंडमधील एका गेलिक कुलनावाचे इंग्रजीकरण होऊनही ‘टकर’ हे रूप तयार झाले. त्याचा कापडाशी काहीच संबंध नाही.

म्हणून आडनावाची व्युत्पत्ती सांगताना शब्दाचा तत्कालीन अर्थ, त्याचा प्रदेश, आडनाव स्थिर होण्याचा काळ आणि त्या समाजाची नाव लावण्याची रीत, ही चारही अंगे तपासली पाहिजेत. ती तपासली, तर मूत्र व चिखल यांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या ज्या कारागिरांनी स्वतः एक ओळही लिहून ठेवली नाही, त्यांच्या बोलीचा व श्रमाचा इतिहास त्यांच्या वंशजांच्या नावांतून लिहिता येतो.