काळी माती, घाट आणि गिअर: वऱ्हाडातील चपळ गाडीचा इतिहास

वऱ्हाडाची जुनी भौगोलिक विभागणी पयानघाट, बालाघाट आणि मेळघाट अशी त्रिविध आहे. पयानघाट म्हणजे पूर्णा नदीचे सखल, काळ्या मातीचे खोरे, बालाघाट म्हणजे त्याच्या दक्षिणेकडील अजिंठा रांगेचे पठार आणि मेळघाट म्हणजे उत्तरेकडील गाविलगडची डोंगररांग. आजच्या अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील बहुतेक वस्ती पयानघाटात आहे. मात्र अमरावतीहून निघालेली गाडी परतवाडा ओलांडून धामणगाव गढीच्या पुढे गेली की ती लवकरच मेळघाटाच्या चढणीला लागते. चपळ हॅचबॅक, म्हणजे मागे वर उघडणारे दार असलेली, आखूड बांध्याची आणि इंजिनाच्या जोराकडे व वळणावरील पकडीकडे विशेष लक्ष देऊन घडवलेली छोटी मोटार, या प्रदेशात कशी चालते, याचे उत्तर या दोन भूमींच्या इतिहासात दडलेले आहे. सपाट काळ्या जमिनीवर गाडीच्या स्प्रिंगांची परीक्षा होते आणि घाटात गिअरबॉक्सची. या दोन परीक्षा मोटारीपेक्षा फार जुन्या आहेत.

पयानघाटातील माती ज्वालामुखीच्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून तयार झाली असून तिच्यात पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या रुंद भेगा पडतात. कपाशीला हा स्वभाव मानवला असला, तरी रस्त्याला तो कधीच मानवला नाही, कारण वर कितीही चांगले डांबर घातले तरी खालचा पाया दरवर्षी थोडा वर येतो आणि थोडा खाली बसतो. त्यामुळे वऱ्हाडातील जुन्या डांबरी रस्त्यांवर, खड्डा एकही नसताना, लाटांसारखे लांब उंचवटे जाणवत. असा उंचवटा वेगात ओलांडताना गाडी आधी उचलली जाते आणि मग स्प्रिंगांवर बसते. तिचे हे बसणे एका झोक्यात थांबवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे, म्हणजे स्प्रिंगचे हेलकावे तेलाच्या अडथळ्याने शांत करणाऱ्या नळीचे, काम असते. ज्या गाडीची ही नळी दुबळी, ती दुसऱ्या लाटेवर पहिल्या लाटेचा हेलकावा घेऊनच पोचते आणि चाकांची जमिनीवरील पकड नेमकी नको तेव्हा सैल होते.

मोटार येण्यापूर्वी या मातीत दोन प्रकारची वाहने चालत. कापूस, धान्य आणि कडबा वाहणारी बंडी जड असे, तर माणसांच्या प्रवासासाठी आणि लग्नकार्यासाठी वापरली जाणारी रेंगी हलकी, अरुंद आणि वेगवान असे. दोनचाकी गाडीचा सगळा तोल आसाच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या कण्याच्या, पुढे-मागे भार कसा पडतो यावर अवलंबून असतो. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, धुरा वर उचलला जातो आणि जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. भार फार पुढे आला की तोच धुरा बैलांच्या खांद्यावर दाबतो आणि त्यांची चाल मंदावते. रेंगी हाकणारा धुरकरी चढावर पुढे सरकून आणि उतारावर मागे रेलून हा तोल स्वतःच्या शरीराने साधत असे. मोटारीच्या भाषेत ज्याला पुढच्या-मागच्या चाकांवरील वजनाचे वाटप म्हणतात, त्याचे व्यावहारिक ज्ञान वऱ्हाडातील गाडीवानाला पिढ्यान्‌पिढ्या होते, आणि ते ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते ही बाब आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

या ज्ञानाचा सर्वांत उत्कट आविष्कार शंकरपटात, म्हणजे विदर्भातील बैलजोड्यांच्या शर्यतीत, दिसतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट दूरवर ख्यात आहे. पटासाठी वापरली जाणारी गाडी केवळ धुरकऱ्यापुरती असते. तिच्यात अनावश्यक लाकूड नसते, आणि वेग वाढवण्यासाठी वजन कमी करावे हे तत्त्व, जे पुढे युरोपातील मोटार अभियंत्यांनी आपल्या स्पर्धेच्या गाड्यांना लावले, ते येथे आधीपासून रूढ होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने अशा शर्यतींवर बंदी आली, 16 डिसेंबर 2021 रोजी महाराष्ट्राला अटींसह त्या भरवण्याची मुभा मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

घाटाचा इतिहास याहून कठोर आहे. 1803 च्या डिसेंबरमध्ये दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील गाविलगडाला वेढा घातला, तेव्हा किल्ल्याची कमजोर बाजू उत्तरेकडे असल्यामुळे कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला अचलपूरहून डोंगर ओलांडून तिकडे जाणे भाग पडले. अवजड तोफा ओढण्यासारखा रस्ताच नव्हता. सैनिकांनी पुढे रस्ता खणत आणि मागून तोफा हातांनी ओढत सुमारे 50 किलोमीटरांचे अंतर 7 ते 12 डिसेंबर या काळात पार केले, आणि 15 डिसेंबरला किल्ला पडला. मेळघाटाच्या अंगावर अवजड चाके चढवण्याचा हा ठळकपणे नोंदलेला प्रसंग आहे. बैलांचे बळ जेथे अपुरे पडले तेथे माणसांनी दोर धरले. चढावर वेग गमावून बळ मिळवायचे हा जो सौदा आहे, तो पुढे गिअरबॉक्स नावाच्या लोखंडी पेटीत बंद झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा पयानघाटातून जात 1867 मध्ये नागपूरला पोचला, आणि कापसाच्या बाजारपेठांपासून स्थानकांपर्यंत खडीचे रस्ते बांधले गेले. या रस्त्यांचा खरा शत्रू बंडीच्या चाकाची लोखंडी धाव हा होता, कारण अरुंद धावेखाली सगळा भार एका रेषेवर येऊन खडी चिरडली जाई आणि चाकोऱ्या पडत. पुढे 1943 मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली, जी नागपूर योजना म्हणून ओळखली जाते. तोवर मोटार हे वऱ्हाडातील वकील, जमीनदार आणि कापूस व्यापारी यांच्यापुरते वाहन राहिले होते.

त्या काळातील मोटारीचा गिअर बदलणे ही शिकून घ्यावी लागणारी कला होती. पेट्रोल इंजिनाला अगदी कमी फेऱ्यांवर पुरेसे बळ नसते; म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दात्यांच्या चाकांच्या निरनिराळ्या जोड्या बसवल्या जातात, ज्यांतील खालची जोडी चाकाला जास्त बळ आणि कमी वेग देते, तर वरची जोडी याच्या उलट करते. जुन्या पेटीत हे दाते एकमेकांत थेट सरकवावे लागत आणि दोघांचे फेरे जुळले नाहीत तर ते खडखडून घासत. त्यामुळे चढावर खालचा गिअर टाकताना चालक क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणी, क्लच सोडून ॲक्सिलरेटरने इंजिनाचे फेरे वाढवी, पुन्हा क्लच दाबी आणि मगच दांडा खालच्या गिअरमध्ये ढकले. अमेरिकेतील कॅडिलॅकने 1928 मध्ये सिंक्रोमेश आणले, म्हणजे दाते गुंतण्यापूर्वी शंकूच्या आकाराच्या कड्यांच्या घर्षणाने दोन्हींचा वेग आपोआप जुळवणारी रचना, आणि हा खटाटोप हळूहळू मोटारींतून गेला. एसटी आणि मालट्रकच्या चालकांच्या हातापायांत मात्र तो पुढेही बराच काळ राहिला. मेळघाटातील चिखलदऱ्याच्या घाटात ही दोन पायांची आणि एका हाताची लय चुकली तर गाडी न्यूट्रलमध्ये मागे सरकण्याचा धोका असे, आणि म्हणूनच त्या घाटाच्या चालकाला मैदानी चालकापेक्षा वेगळा मान होता.

स्वातंत्र्योत्तर काळात अँबेसेडर आणि फियाट (जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली) या दोन गाड्यांनी वऱ्हाडाचे रस्ते व्यापले. दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना अशी रचना होती, दोन्हींचा गिअरचा दांडा दीर्घकाळ स्टिअरिंगच्या खांबावर होता आणि त्याचा मार्ग अनेक सांध्यांतून जात असल्यामुळे जुन्या गाडीत गिअर नेमका कोठे पडला हे हाताला नीट कळत नसे. त्यांचे बांधे मजबूत होते, लाटांच्या रस्त्यावर त्या टिकत. पण वळणावर त्या झुकत आणि स्टिअरिंग जड असे. 1983 च्या डिसेंबरमध्ये मारुती 800 आली आणि चित्र पालटले. तिचे 796 घनसेंटिमीटरचे इंजिन आडवे बसवलेले होते आणि ते पुढच्याच चाकांना जोर देत होते. ही मांडणी ब्रिटनमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी 1959 मध्ये मिनी या गाडीत लोकप्रिय केली होती. वऱ्हाडातील मध्यमवर्गाला हलकी, चटकन वळणारी आणि जमिनीवरच्या छोट्या दांड्याने सहज गिअर पडणारी गाडी प्रथमच मिळाली. रेंगीच्या गुणांशी नाते सांगणारी ही पहिली मोटार होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

जर्मनीच्या फोक्सवॅगनने 1976 मध्ये गोल्फ जीटीआय विक्रीस आणून साध्या कौटुंबिक हॅचबॅकमध्ये जोरदार इंजिन आणि घट्ट स्प्रिंग बसवण्याची रीत रूढ केली होती. ती भारतात चांगलीच उशिरा रुजली. 2001 मध्ये फियाटने पालिओचे 1.6 लिटर, 100 अश्वशक्तीचे रूप आणले, 2005 मध्ये मारुतीची स्विफ्ट आली, 2010 पासून फोक्सवॅगनच्या चाकणच्या कारखान्यातील पोलो रस्त्यावर दिसू लागली, आणि 2015 मध्ये रांजणगाव येथे बनलेली, 1.4 लिटर टर्बो इंजिनाची 145 अश्वशक्तीची आबार्थ पुंटो विक्रीस आली. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोराने फिरणारा आणि आत जास्त हवा कोंबणारा पंखा. या पंख्याला वेग घेण्यास क्षणभर अवधी लागतो आणि घाटात हाच क्षण महत्त्वाचा ठरतो, कारण इंजिनाचे फेरे खाली गेले तर ॲक्सिलरेटर दाबूनही जोर लगेच मिळत नाही.

परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे 30 किलोमीटर असून या अंतरात गाडी 700 मीटरांहून अधिक चढते. घाटाच्या तीव्र, जवळजवळ उलट फिरणाऱ्या वळणावर पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या हॅचबॅकची मर्यादा उघड होते. चढामुळे वजन मागे सरकते, वळणामुळे ते बाहेरच्या बाजूला जाते आणि परिणामी पुढचे आतले चाक हलके होते. अशा वेळी ॲक्सिलरेटर घाईने दाबला तर ते चाक खडीवर गरकन फिरते आणि गाडी चालकाने वळवली त्याहून कमी वळून कडेकडे सरकते. यावरचा उपाय रेंगीच्या धुरकऱ्याला परका वाटला नसता: वळणापूर्वी सरळ रेषेतच ब्रेक लावून भार पुढच्या चाकांवर आणायचा, तिसऱ्यावरून दुसऱ्या गिअरवर तेथेच यायचे, वळणाच्या मध्यापर्यंत जोर स्थिर ठेवायचा आणि स्टिअरिंग सरळ होऊ लागल्यावरच तो वाढवायचा. तिसरा आणि दुसरा गिअर यांच्यातील अंतर जेथे फार असते, तेथे दुसऱ्यात इंजिन ओरडते आणि तिसऱ्यात ते दमते. चपळ म्हणवणाऱ्या गाडीचे मोल तिच्या कमाल वेगापेक्षा या दोन गिअरांच्या जवळिकीवरून ठरवावे, हा निकष घाटाने घालून दिलेला आहे आणि तो जाहिरातींतील आकड्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. उतारावर तर दुसरा गिअर हाच खरा ब्रेक असतो; सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो, तर खालच्या गिअरमध्ये इंजिनच चाकांना रोखून धरते.

फियाटच्या गाड्यांचा वऱ्हाडाशी विशेष सूर जुळला तो त्यांच्या स्प्रिंगांमुळे. पालिओ आणि पुंटो या जड होत्या, शहरातील गर्दीत त्या आळशी वाटत आणि पेट्रोलही जास्त पीत; परंतु लाटांच्या रस्त्यावर त्यांचे शरीर एका झोक्यात स्थिरावे आणि वेगातही स्टिअरिंग भरीव राही. स्विफ्ट त्यांच्या उलट हलकी आणि उत्साही होती, तिचे पुढचे टोक तत्काळ वळे, मात्र खराब पट्ट्यावर मागचा भाग उड्या मारी.

पुढे मैदान बदलले. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 वर, म्हणजे पूर्वीच्या क्रमांक 6 वर, 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड घालण्यात आला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, जो अमरावती जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. अशा रस्त्यावर गाडी एकदा वरच्या गिअरमध्ये गेली की तासन्‌तास दांड्याला हात लावावा लागत नाही. तोवर आपोआप गिअर बदलणाऱ्या छोट्या गाड्या सामान्य झाल्या होत्या: 2013 च्या पोलो जीटीमध्ये दोन क्लचची सात गिअरांची पेटी होती, जिच्यात एक क्लच विषम आणि दुसरा सम गिअर सांभाळत असल्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार राहतो, तर 2014 पासून मारुतीने सेलेरिओमध्ये साध्याच पेटीवर क्लच आणि दांडा यंत्राने हलवणारी स्वस्त रचना आणली.

घाटात मात्र या दुसऱ्या रचनेची उणीव आजही जाणवते, कारण यंत्राला समोरचे वळण दिसत नाही. चालकाने वळणाआधी पाय उचलला की ते जोराची गरज संपली असे समजून वरचा गिअर टाकते आणि वळणातून बाहेर पडताना पुन्हा खालचा शोधत बसते. म्हणून जाणते चालक धामणगाव गढी सोडल्यावर गिअर स्वतः बदलण्याची सोय सुरू करतात. चपळ हॅचबॅकमध्येही हाताचा गिअर टिकून राहिला: 7 जून 2024 रोजी टाटा मोटर्सने बाजारात आणलेल्या अल्ट्रोझ रेसरमध्ये 120 अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनासोबत दिलेला गिअरबॉक्स सहा गिअरांचा आणि हातानेच बदलायचा होता.